सारण भरलेला बेक्ड बार करायचाय: शटरवालं मशीन घ्यावं की दोरी सोडणारं?

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. आमचं छोटं युनिट आहे सासवडच्या बाजूला, खजूर आणि अंजिराचं सारण भरलेले बार करतो, आणि ह्या दोन्ही मशीनवर मी स्वतः हात काळे केलेत. आधी अडीच वर्षं शटरवालं, म्हणजे सारण पारीत बंद करून देणारं एनक्रस्टिंग मशीन, आता दोन वर्षं होत आली दोरी सोडणारं, म्हणजे को-एक्सट्रूडर. मोटर किती एचपीची, एसएस ३०४ आहे का, पॅनल कुठल्या कंपनीचा, हे सगळं कोटेशनमध्ये मिळतंच, त्यात मी शिरत नाही.

फरक थोडक्यात असा. दोन्हीकडे दोन हॉपर, म्हणजे माल ओतायची भांडी, एकात डो, म्हणजे पारीचं मळलेलं पीठ, एकात सारण, आणि एकात एक बसवलेल्या दोन नोझलमधून, म्हणजे तोट्यांमधून, पारी बाहेर आणि सारण आत असं एकदमच बाहेर पडतं. ही नळीत नळीची कल्पना जुनीच आहे, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली अंजिराचा जो न्यूटन बार निघाला तो जेम्स मिचेलच्या अशाच मशीनवर. दोरीवाल्या मशीनमध्ये दोरीसारखी लांबच लांब वळी निघत राहते, ती ट्रेवर किंवा बेल्टवर घ्यायची, भाजायची आणि मग कापायची. शटरवालं मशीन मात्र प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे शटरच्या पात्यांनी चिमटून दोन्ही टोकं बंद करून खाली सोडतं, म्हणजे आपली आई मोदकाचं तोंड बंद करते तेच काम. ह्यात जपानच्या उत्सुनोमियाच्या ऱ्हेऑन कंपनीचं नाव मोठं, १९६३ पासूनचं, त्यांनी आपलं मशीन मुळात त्यांच्या मांजू नावाच्या सारण भरलेल्या गोड पदार्थासाठी बनवलं. आपल्याकडे मिळतात ती बहुतेक त्याच धर्तीची.

आधी शटरवाल्याचं चांगलं सांगतो कारण त्याच्यावर अन्याय नको व्हायला. जागा कमी खातं, एका माणसाला चालवता येतं. वजन फार छान धरतं, ३५ ग्रॅम लावलं की ३५ च्या आसपासच येतं, वजनमापवाल्यांची काळजी राहत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकाच मशीनवर लाडू, कचोरी, मोदक, सारणाची गोल बिस्किटं असं काय वाट्टेल ते काढता येतं. ज्याला दिवाळीत एक, गणपतीत दुसरं आणि एरवी तिसरं विकायचंय त्याने पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही, हेच घ्यावं.

पण मला बार करायचा होता, रोज, एकच.

बार म्हटला की लांबी आली. शटरवालं मशीन माल वरून खाली सोडतं, लांब तुकडा हवा तर शटर उशिरा बंद करायचं, आठ-नऊ सेंटिमीटर झालं की तुकड्याचं खालचं टोक बेल्टला टेकतं आणि केळ्यासारखा बाक येतो, मग बेल्ट वर घ्या, स्पीड कमी करा, हे चालूच. ते जमवता येतं, आम्ही जमवलं होतं. टोकाला पारीचा जाड गोळा राहतो त्यामुळे पहिला घास कोरडा लागतो, तेही गिऱ्हाईक चालवून घेतं. खरी डोकेदुखी भट्टीत सुरू व्हायची.

टोकं फुटायची. सगळी नाही, पण एका ट्रेवर तीन, कधी पाच. सारणात पाणी असतं, खजूर दळताना हवाही शिरते, भट्टीत गेलं की वाफ धरते आणि चहूबाजूंनी बंद असलेल्या बारमध्ये तिला बाहेर पडायला जागाच नसते, मग जिथे शिवण कच्ची तिथून ती फाडून निघते आणि मागोमाग सारण. ते ट्रेवर पडून जळतं, काळा कडक पापुद्रा होतो, आणि शेजारचे चांगले बार त्याला चिकटतात. एका दिवाळीच्या ऑर्डरला आमच्या तीन ताई संध्याकाळी सहापासून रात्री साडेनऊपर्यंत फक्त ट्रे खरवडत बसल्या होत्या. पॅकिंग राहिलं ते राहिलंच. त्यांच्या बोटांना लागलेलं बघून मला त्या रात्री फार वाईट वाटलं, मी तेव्हाच ठरवलं की ह्याचं काहीतरी करायचं.

सगळे उपाय केले. सारण जास्त आटवलं, भट्टीचं तापमान उतरवून वेळ वाढवला, वरून टोचे मारले, तर टोच्यातून सारणच वर आलं आणि बारच्या डोक्यावर काळा ठिपका. मग एक दिवस नीट बसून शटरकडेच बघत राहिलो तेव्हा गोम कळली. डो शटरच्या पात्यांना चिकटू नये म्हणून आपण कोरडं पीठ मारतो. आता तेच पीठ टोकाच्या घडीत अडकतं, आणि पीठ लागलेली पारी पारीला जुळत नाही, करंजीच्या कडेला पीठ राहिलं की तळताना ती उघडते ना, अगदी तसंच. पीठ कमी मारलं की डो पात्याला चिकटून शेपटी ओढली जाते, जास्त मारलं की शिवण सुटते. उन्हाळ्यात ह्या दोन्हीच्या मधली जागा सापडायची, पण जूनपासून हवेत ओल आली की ती जागाच उरायची नाही. सासवडला पाऊस तसा बेताचाच, कोकणात किंवा मुंबईच्या बाजूला युनिट असेल तर हा मुद्दा दुप्पट धरा असं मला वाटतं.

तेल लावून बघा, पात्यांना टेफ्लॉन करून घ्या असं पुष्कळांनी सांगितलं. तेलाने फरक पडला, पण तेल लागलेली पारीही जुळायला तशीच नाराज. कदाचित महागड्या इम्पोर्टेड मशीनवर हा त्रास इतका नसेल, शटरची बनावट बारीक असते, मी ते रोज चालवलेलं नाही त्यामुळे त्याबद्दल ठाम बोलणार नाही. आमचं लोकल होतं.

दोरीवाल्यात हा प्रश्नच मुळातून जातो, कारण बंद करायचंच नाहीये. दोन्ही टोकं उघडी, वाफ आपली आपण निघून जाते. आमच्याकडे टनेल ओव्हन, म्हणजे बेल्टवरून माल सरकत भाजणारी लांब भट्टी, नाही, साधी रोटरी रॅकची भट्टी आहे, ४०० बाय ६०० मिलिमीटरचे ट्रे, त्यामुळे ट्रेच्या लांबीएवढ्या दोऱ्या घेतो, एका ट्रेवर सहा, भाजून झाल्यावर कापतो. बऱ्याच जणांना वाटतं की को-एक्सट्रूडर म्हणजे पन्नास फुटी लाइन लागते, तसं नाही. ६०० च्या दोरीतून ९५ मिलिमीटरचे सहा बार, ५७० झाले, दोन्ही टोकांचं मिळून ३० मिलिमीटर कटिंग. पाच टक्के. हे फेकायचं नाही, दळून सारणात परत घालायचं, अंजीर बारच्या धंद्यात ही जुनी पद्धत आहे आणि थोडा बिस्किटाचा चुरा गेला की सारण उलट आटोपशीर राहतं. फक्त त्याच दिवसाचं त्याच दिवशी वापरा आणि पॅकवर घटकांच्या यादीत मैदा-गहू स्पष्ट असू द्या.

कापायचं आधी का नंतर, ह्यावर मी ठाम आहे, नंतरच. कच्ची दोरी गिलोटिनने, म्हणजे वरून खाली येणाऱ्या पात्याने, कापली की पातं पारीला खाली दाबतं आणि सारण टोकातून बाहेर डोकावतं, भट्टीत ते उकळून मिशी फुटल्यासारखं पसरतं, म्हणजे ज्या ट्रे खरवडण्यापासून पळालो तेच परत. भाजून कापताना वेळ साधावी लागते. गरम असताना कापलं तर सारणाची तार येते, पूर्ण गार झाल्यावर कापलं तर पारीला तडा जातो. तळहात ठेवल्यावर कोमट लागलं की कापायचं, आमच्याकडे रॅक बाहेर काढल्यापासून साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं, थंडीत पंचवीस. पातं गरम पाण्यात बुडवून पुसत राहायचं. अल्ट्रासॉनिक कटर फार सुरेख कापतो असं बघितलंय, पण आमच्यासारख्याच्या खिशाचा तो विषय नाही.

आता ह्याच्या खोड्या. वजन शटरवाल्याइतकं धरत नाही, कारण इथे आपण लांबीवर कापतो, दोरी जाड-बारीक झाली की वजन हललं. बेल्ट जरा जोरात असेल तर दोरी ताणून बारीक होते, हळू असेल तर सुरकुत्या. पहिले पंधरा-वीस दिवस वजनकाट्याशेजारी उभं राहून दोन्ही हॉपरच्या ड्राइव्हचे, म्हणजे वेगाचे, आकडे वहीत लिहायला लागतात. आतलं नोझल मधोमध नसेल तर एका बाजूची पारी पातळ राहते आणि दोरी लांबीत उसवते, हे झालं की नुकसान मोठं, कारण एक तुकडा नाही, आख्खी दोरी जाते. सुरू करताना पहिला मीटरभर माल नुसत्या पारीचा किंवा नुसत्या सारणाचा येतो. आणि उघड्या टोकामुळे सारण हळूहळू सुकतं म्हणून पॅकिंगची फिल्म चांगली लागते, साध्या पिशवीत चालणार नाही. पण एक सांगू का, टोकाला सारण दिसतं हेच बार विकतं. दुकानात माणूस कापलेली बाजू बघतो आणि उचलतो.

मशीन घेताना आत स्क्रू आहे का रोलर, हे मात्र विचारा. स्क्रू डो ढकलताना मळत राहतो, मैद्याला ताण येतो, डो गरम होऊन डालडा सुटतो, मग पारी चिवट आणि तेलकट. रोलर हळुवार ढकलतात. माझं रोलरचं आहे. एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये उकडतं तेव्हा आम्ही बर्फाच्या पाण्यात डो करतो आणि पहाटे पाचला सुरू करतो, स्क्रू असता तर तेवढ्यानेही भागलं नसतं असं मला वाटतं.

दोन्ही मशीनला लागू असलेली एक गोष्ट, आणि ही कुणी इंजिनिअर सांगत नाही, आपल्या घरातली बाई सांगेल. पुरणपोळीला पुरण आणि कणीक सारख्याच मऊ लागतात. पुरण घट्ट असेल तर पोळी फाटते, सैल असेल तर बाहेर येतं. इथेही तेच, बोटाने दाबलं की डो आणि सारण सारखंच दबलं पाहिजे. आमचे निम्मे प्रॉब्लेम मशीनचे नव्हतेच, सारण सकाळी गार होऊन घट्ट झालेलं असायचं आणि डो ताजा मऊ, एवढंच. आता सारण रात्रीच करून त्याच खोलीत ठेवतो आणि सकाळी एकदा फिरवून घेतो. बिनबियांचा म्हणून आलेल्या खजुरातही बीचे तुकडे असतात, मेटल डिटेक्टरला ते दिसत नाहीत, नोझलमध्ये अडकतात किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या दाताखाली येतात, म्हणून जाळीतून काढल्याशिवाय हॉपरमध्ये टाकायचंच नाही.

अंजिराबद्दल सगळे विचारतात की सासवडचंच वापरता का. आमच्या पुरंदर तालुक्याच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आम्हाला त्याचा अभिमान आहे, पण ते ताजं खायचं फळ, पाणी भरपूर. आटवून थोडं मिसळतो, मुख्य सारण सुक्या अंजिराचं आणि खजुराचंच. ताज्या फळाचा गर तसाच भरला तर वाफेचा त्रास कुठल्याच मशीनवर टळणार नाही, आणि बुरशीची भीती वेगळीच. सारणाची वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं पाणी किती ते, लॅबमधून तपासून घ्या, ०.६ च्या आसपास आणली की बुरशीची काळजी बरीचशी मिटते.

पैशांचं म्हणाल तर लोकल मशीनमध्ये दोन्हींचा फरक मला फार मोठा दिसला नाही, दोरीवाल्याला कटरचा खर्च वर धरा. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेमधून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, बँकेत फाइल टाकण्याआधी कोटेशन कुठल्या मशीनचं लावायचं ते पक्कं करा, नंतर बदलताना फार फेऱ्या होतात. धुण्याचं बघाल तर शटरचे बारीक बारीक भाग रोज सोडवून पुसायला आम्हाला सव्वा तास लागायचा, रोलर आणि नोझल पाऊण तासात होतात.

तुमचा माल वेगळा असेल, सारण चॉकलेटसारखं तुपकट असेल तर त्यात पाणी नसल्याने वाफ धरत नाही आणि शटरवाल्याचा माझा हा सगळा राग तुम्हाला लागू पडणार नाही. फळाचं सारण, रोजचा एकच बार आणि साधी भट्टी असेल तर मी दोरीकडेच बोट दाखवेन.

ट्रायलला जाल तेव्हा त्यांच्या डोवर मशीन बघू नका, स्वतःचा दहा किलो डो आणि सारण डब्यात भरून न्या, शक्यतो पावसाळ्यात जा. मशीन अर्धा तास चालवा, वीस मिनिटं बंद ठेवायला लावा आणि परत सुरू करून पहिले बार बघा. भाजलेला माल घरी आणा. त्या दिवशी खाऊन मत बनवू नका, पहिल्या दिवशी पारी कडकच असते, सारणातली ओल तिच्यात उतरायला वेळ लागतो. बंद डब्यात ठेवा आणि चौथ्या दिवशी कापून घरच्यांना द्या.