गाळाखालची हिमनदीची दरी: गुरुत्वमापन की भूकंपीय अपवर्तन?

१९०८ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील लोच्बर्ग रेल्वे बोगदा गास्टर्न खोऱ्याखालून पुढे सरकत असताना खडकाऐवजी पाण्याने भरलेला गाळ आत घुसला आणि २५ कामगार मृत्युमुखी पडले. पुढे बोगद्याची दिशाच बदलावी लागली. हिमनदीने कोरलेली दरी गाळाने भरून आली की वरच्या सपाट जमिनीवरून खालच्या खडकाची खोली कळत नाही. ती शोधण्यासाठी गुरुत्वमापन (जमिनीवरच्या गुरुत्वातील बारीक फरक मोजणे) निवडावे की भूकंपीय अपवर्तन (जमिनीत सोडलेल्या कंपनलहरींच्या वेळेवरून खडक शोधणे), हे आधी खडक आणि गाळ कोणता आहे यावर ठरते.

गुरुत्वमापनाचा सारा आधार घनतेतील फरकावर असतो. खडी-वाळूचा ओला गाळ घन सेंटिमीटरला सुमारे २.१ ग्रॅम भरतो, तर ग्रॅनाइट २.६ च्या पुढे. हा फरक ०.५ धरला, तर १०० मीटर जाडीच्या विस्तीर्ण थरामुळे गुरुत्व सुमारे २.१ मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्वातील बारीक फरकांचे एकक) घटते. अरुंद दरीत ही घट कमी भरते. आजचा ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजणारे यंत्र) मिलिगॅलचा शंभरावा भाग टिपतो, तेव्हा खरी अडचण यंत्राची नसून उंचीची असते. मोजणीबिंदूची उंची एक मीटरने चुकली, तर हिशेबात सुमारे ०.२ मिलिगॅलची, म्हणजे जवळपास १० मीटर गाळाइतकी चूक शिरते. म्हणून अंदाजपत्रकात ग्रॅव्हिमीटरच्या भाड्याआधी उंचीच्या मोजणीची तरतूद पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दरीच्या उभ्या कडांसाठी भूरूप-दुरुस्ती (आजूबाजूच्या चढउतारांच्या ओढीचा हिशेब) करावी लागते, ती वेगळीच.

प्रत्यक्ष काम मात्र सुटसुटीत आहे. एक माणूस तिपाईवर यंत्र ठेवतो, स्क्रू फिरवून ते समपातळीत आणतो, जवळून जाणारा ट्रक दूर जाईपर्यंत थांबतो, वाचन घेतो आणि पुढच्या बिंदूकडे निघतो. यंत्राचे वाचन आपोआप सरकत असल्यामुळे दर तासा-दोन तासांनी मूळ बिंदूवर परतावे लागते, एवढीच कटकट.

अपवर्तनात जिओफोनची (जमिनीचे कंपन टिपणाऱ्या छोट्या उपकरणांची) रांग जमिनीत रोवतात, हातोड्याच्या घावासारख्या धक्क्याने लहरी उठवतात आणि त्या पोहोचण्याची वेळ मोजतात. ओल्या गाळातील वेग सेकंदाला १,५०० ते २,००० मीटर आणि ग्रॅनाइटमधील ५,००० च्या आसपास असल्याने खडकाची खोली थेट हाती लागते, जी गुरुत्वमापन एकट्याने कधीच देत नाही. कारण उथळ दरीतला हलका गाळ आणि खोल दरीतला जड गाळ यांची घट सारखीच दिसू शकते. पण रांगेची लांबी अपेक्षित खोलीच्या चार-पाच पट लागते, त्यामुळे १०० मीटर खोलीसाठी अर्धा किलोमीटर मोकळी जागा हवी, आणि तिथे हातोड्याचा धक्का पुरत नाही. शिवाय घट्ट हिमोढाखाली (हिमोढ म्हणजे हिमनदीने आणून टाकलेली दगड-माती) मऊ तळ्याची माती दडली असेल, तर ती या पद्धतीला दिसतच नाही आणि खडक आहे त्यापेक्षा खोल निघतो.

दरी कुठून कुठे वळते हे कित्येक किलोमीटर शोधायचे असेल, तर गुरुत्वमापन घ्यावे, मात्र रेषा दोन्ही बाजूंच्या उघड्या खडकापर्यंत न्याव्यात, नाहीतर प्रादेशिक कल (साऱ्या परिसरात गुरुत्वात हळूहळू होणारा बदल) वजा करता येत नाही. एखाद्या पुलाच्या किंवा बोगद्याच्या जागेचीच खोली हवी असेल, तर अपवर्तन बरे. तळाचा खडक मऊ शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आणि वरचा गाळ दाबून घट्ट झालेला हिमोढ असेल, तर घनतेतील फरक जवळजवळ उरत नाही; अशा ठिकाणी ग्रॅव्हिमीटर नेऊच नये. आणि गुरुत्वमापन निवडलेच, तर निदान एका बोअरचा खर्च त्यातच धरावा, कारण घनतेचा आकडा बोअरमध्ये सापडलेल्या खडकाच्या खोलीशी जुळवल्याशिवाय बाकीच्या नकाशातील मीटर केवळ अंदाजाचे राहतात.