योगा मॅट आठ महिने वापरल्यावर: गुळगुळीत लादीवर खरा फरक पकडीचा

मॅट टीपीईची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची), जाडी 6 मिमी, लांबी 183 सेमी, रुंदी 61 सेमी, वजन साधारण किलोभर. वापर आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण तास, जून ते जानेवारी. म्हणजे अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबरचा घाम दोन्ही त्यात आले. जागा मुंबईतल्या फ्लॅटचा हॉल, खाली व्हिट्रिफाइड टाइल.

मॅट अंगाला मऊ लागावी म्हणून घेतात, असा समज आहे. या लादीवर मात्र तिचं पहिलं काम पकड देण्याचं. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम 0.5 टक्के पाणी शोषते, त्यामुळे तळव्याचा घाम वरच राहतो आणि पाय सरकतो. (जुनी शहाबादी फरशी खरखरीत असते आणि थोडं पाणी पिते, तिथे हा त्रास कमी.) अधोमुख श्वानासनात हात पुढे निसटू लागले की खांदे-मान ताठरतात, पाठ लांब व्हायची सोडून सगळी ताकद हात रोखण्यात जाते. त्रिकोणासनात पाय फाकत गेला तर जांघेत ओढ बसते. मॅटवर हीच आसनं पाच-सहा श्वास निवांत टिकतात. सतरंजी इथे कामाची नाही, ती स्वतःच लादीवरून घसरते.

मग हाडं. मार्जारासनात गुडघ्याची वाटी, नौकासनात माकडहाड, सूर्यनमस्काराच्या साष्टांग स्थितीत गुडघे, छाती आणि हनुवटी. बारा नमस्कार म्हणजे बारा वेळा गुडघे टेकणं. नुसत्या लादीवर ते चुकवायला माणूस धपकन खाली येतो आणि कंबरेला झटका बसतो. उष्ट्रासनात 6 मिमी अपुरी पडते, तिथे मॅट दुहेरी करा. सर्वांगासनात खांद्यांखाली घडी घातलेली घोंगडी हवीच, डोकं मात्र घोंगडीबाहेर, मॅटवर.

म्हणून 10 मिमीची घ्यावी? नको. मऊ जाड मॅटमध्ये तळहाताची टाच रुतते, मनगट जास्त मागे वळतं आणि दुखायला लागतं. वृक्षासनात घोटा डुगडुगतो. खरं तर ताडासन, वृक्षासन कोरड्या लादीवरच छान होतात, आणि प्राणायामाला लोकरी आसन पुरतं.

'पूर्वी कुठे होत्या मॅट' असं ऐकू येतं. पण गीतेच्या सहाव्या अध्यायातही ध्यानासाठी कुश (दर्भासारखं गवत), अजिन (मृगचर्म) आणि वस्त्र अंथरलेलं, फार उंच नाही की फार खाली नाही असं आसन सांगितलंय. उघड्या जमिनीचा आग्रह तिथेही नाही.

आता तक्रारी. नवी मॅट पहिले आठ-दहा दिवस किंचित निसरडी होती. ओल्या फडक्यानं दोनदा पुसल्यावर सुधारली. ऑक्टोबरात घामानं तळव्याखाली पुन्हा सरकायला लागली, कारण टीपीई घाम पीत नाही. उपाय सोपा: सुती पंचा ओला करून घट्ट पिळायचा आणि हातांच्या जागी पसरायचा. कोरडा पंचा उलट घसरतो. तळपायाला खोबरेल लावून मॅटवर मुळीच चढू नका, तेलाचा डाग निघतो पण निसरडेपणा बरेच दिवस जात नाही.

पावसाळ्यात मॅट लगेच गुंडाळली की कुबट वास येतो आणि बुरशी धरते. आधी पंख्याखाली तासभर दाराच्या फळीवर टाका. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब, त्यानं पुसायचं, मग साध्या ओल्या फडक्यानं. वॉशिंग मशीन नको, कडक ऊनही नको. रबरी मॅट तर उन्हात तडकते. गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवली तर पसरल्यावर कडा वर उठत नाहीत. लादी पुसल्यावर ती पूर्ण वाळेपर्यंत मॅट घालू नका. ओलीवर किंवा धुळीवर मॅटच सरकते.

गच्चीवर नेणार असाल तर खाली जुनी सतरंजी घाला. चायना मोझॅकच्या तुकड्यांनी टीपीई खालून सोलली जाते. आठ महिन्यांत या मॅटला तिथल्याच दोन ओरखड्यांच्या खुणा आहेत, शिवाय तळहातांच्या जागी नक्षी झिजली आहे. पकड तिथे थोडी कमी, बाकी ठीक.

दुकानात दोन गोष्टी पाहा. मॅट जमिनीवर पसरून तळहात जोरानं पुढे ढकला; हात सरकला तर ठेवून द्या. मग ती अंगठा आणि बोटात चिमटून दाबा. पलीकडचं बोट लगेच टोचलं, तर गुडघ्यालाही लादी तशीच टोचणार.