तोंडातील चट्ट्याची विद्युत-तपासणी: दोन बैठकींचा अनुभव

दातांच्या नेहमीच्या तपासणीत माझ्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आढळला. मी अनेक वर्षे तंबाखू खात होतो, त्यामुळे दंतवैद्यांनी बायोप्सीचा विषय लगेच काढला आणि त्याआधी एका केंद्रात ऊतींच्या विद्युत अवरोधाचे, म्हणजे इम्पिडन्सचे, मापन करून घेण्यास सुचवले. तेथे माझ्या दोन बैठकी झाल्या. उपकरण तेच होते, चट्टाही तोच होता, तरी निष्कर्ष वेगळे आले, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहावेसे वाटले.

चाचणी दिसायला अगदी साधी आहे. पेनासारख्या प्रोबच्या टोकावर चार इलेक्ट्रोड असतात. त्यांपैकी दोघांमधून जाणवणारही नाही इतका क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात आणि उरलेल्या दोघांमधील विद्युतदाब मोजतात. कमी वारंवारतेच्या प्रवाहाला पेशींची आवरणे सहज ओलांडता येत नाहीत, म्हणून त्याला पेशींमधल्या फटींतून वाट काढावी लागते. निरोगी अस्तरात वरच्या थरांतील पेशी चपट्या आणि दाटीने रचलेल्या असल्यामुळे ही वाट लांब व अरुंद होते आणि अवरोध जास्त भरतो. कर्करोगपूर्व बदलांत ही रचना विस्कटते, पेशींमधली जागा वाढते आणि अवरोध घटतो. वारंवारता वाढवली की प्रवाह आवरणांतूनही जातो आणि पेशींच्या अंतर्भागाची माहिती मिळते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबून न राहता अनेक वारंवारतांवर मोजतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी याच तत्त्वावर बनलेले झेडस्कॅन हे उपकरण 76 हर्ट्झ ते 625 किलोहर्ट्झ या टप्प्यात 14 वारंवारतांवर मापन करते.

पहिल्या बैठकीत सहायकाने प्रोब थेट चट्ट्यावर टेकवला, एकदाच मापन घेतले आणि पडद्यावर आलेला लाल संकेत मला दाखवून 'धोका जास्त' असे सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावले, तेव्हा त्यांनी प्रथम गॉझने साचलेली लाळ टिपून घेतली. लाळ विजेची चांगली वाहक असल्यामुळे तिचा थर राहिला, तर प्रवाह ऊतीत न शिरता पृष्ठभागावरूनच निसटतो आणि निरोगी जागेचा अवरोधही खोटाच कमी दिसतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले. त्यांनी प्रोबचा दाब सारखा ठेवून प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मापन घेतले आणि उजव्या गालावरील नेमक्या समोरच्या जागेचेही घेतले. ही तुलना मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटते, कारण टाळू, हिरड्या, जीभ आणि गाल यांच्या अस्तरांची जाडी व रचना मुळातच वेगळी असते, आणि सर्वांना एकच मर्यादा लावणे योग्य ठरत नाही.

या वेळी चट्ट्याच्या बहुतेक भागाचा अवरोध उजव्या गालापेक्षा जास्तच भरला; फक्त मागच्या, किंचित लालसर कडेला तो स्पष्टपणे कमी होता. पांढऱ्या भागावरील केराटिनचा, म्हणजे नखांत असणाऱ्या कठीण प्रथिनाचा, जाड थर स्वतःच अवरोध वाढवतो, त्यामुळे तेथील मोठा आकडा म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हेही डॉक्टरांनी न विचारता सांगितले. बायोप्सी त्या लालसर कडेतूनच घेतली आणि तिच्यात सौम्य डिस्प्लेशिया, म्हणजे पेशींमधील कर्करोगपूर्व बदल, निघाला. अर्थात, अनुभवी डोळ्यानेही हीच जागा निवडली असती, हे मान्य करायला हवे.

केंद्राच्या माहितीपत्रकात 'तोंडाच्या कर्करोगाची संपूर्ण तपासणी' असे शब्द आहेत, त्यांना माझा ठाम आक्षेप आहे. प्रोब त्याच्या टोकाखालच्या लहानशा जागेपुरतेच सांगतो. ती जागा आधी कोणीतरी पाहून शोधलेली असावी लागते. साध्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीमुळे तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमधील मृत्यू घटल्याचे केरळमधील मोठ्या चाचणीने 2005 मध्ये दाखवले आहे. तोंडातील विद्युत-मापनाबाबत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाचे 10, संभाव्य कर्करोगपूर्व 27 आणि निरुपद्रवी 10 व्रणच होते. त्यात कर्करोग व जास्त धोक्याचे व्रण एका बाजूला आणि कमी धोक्याचे व्रण व निरोगी अस्तर दुसऱ्या बाजूला, असा अर्थपूर्ण फरक दिसला आणि रुग्णांना ही चाचणी बायोप्सीपेक्षा पुष्कळच कमी वेदनादायक वाटली. हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण एवढ्या आधारावर 'संपूर्ण' हा शब्द वापरता येत नाही. संशयास्पद चट्ट्याच्या बाबतीत हिरवा संकेत पाहून बायोप्सी टाळणे तर मला धोकादायकच वाटते.

वेदना अजिबात झाली नाही आणि दुसऱ्या बैठकीतील कौशल्याबद्दल मी समाधानी आहे. पहिल्या बैठकीचा लाल निकाल मात्र अहवालातून काढलेला नव्हता, शिवाय मापनाच्या जागाही त्यात नोंदवलेल्या नव्हत्या. मी तक्रार केल्यावर गालाच्या आकृतीवर प्रत्येक बिंदू दाखवणारा आणि पहिले मापन लाळ न टिपता घेतल्याचे नमूद करणारा सुधारित अहवाल मला मिळाला. पुढच्या तपासणीत याच बिंदूंवर पुन्हा मोजायचे ठरले आहे.