मॅक्युअन की फिशर? असाइनमेंटला कोण घ्यायचा

ऑस्ट्रेलियातल्या ग्रामीण नेत्यावर लिहायचंय, जॉन मॅक्युअन घेऊ की टिम फिशर, असं दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. दोघं शेतकरी, पक्षही एकच (आधी कंट्री पार्टी, नंतर नॅशनल), दोघांकडे व्यापार खातं, आणि सत्ता मिळाली ती लिबरल पक्षाशी युती करूनच.

मॅक्युअन व्हिक्टोरियाचा. लहानपणीच आईबाप गेले, पहिल्या महायुद्धात भरती झाला पण निघायच्या आत युद्धच संपलं, तरी सैनिकांच्या स्कीममधून स्टॅनहोपजवळ ८६ एकर मिळाले आणि गडी गायींच्या धारा काढत बसला. खासदार १९३४ ते १९७१. १९५७ ला जपानशी व्यापार करार केला, म्हणजे जपानशी लढलेलं दुसरं महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षं झालेली, लोकांच्या मनात राग ताजा होता तेव्हा. डिसेंबर १९६७ मध्ये पंतप्रधान होल्ट समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा हा २३ दिवस पंतप्रधान झाला आणि लिबरलांना सरळ सांगितलं की तुमच्या उपनेत्याला, मॅकमहनला नेता केलंत तर आम्ही सरकारमध्ये नाही. मग लिबरलांचे नेते आणि पंतप्रधान झाले गॉर्टन. छोट्या पक्षाने मोठ्याचा नेता ठरवायचा, काय जोर असेल बघा!

फिशर न्यू साउथ वेल्सच्या बोरी क्रीकचा, सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला गेला, १९६८ ला जखमी झाला. डोक्यावर कायम अकुब्रा हॅट आणि रेल्वेचं जबरी वेड. १९९६ ला उपपंतप्रधान झाला आणि दोन महिने होतायत न होतायत तोच टास्मानियात पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जण मारले. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली, सरकारने पैसे देऊन सहा लाखांवर बंदुका परत घेतल्या, आणि बंदुका कोणाच्या, तर बऱ्याचशा याच्याच मतदारांच्या. व्हिक्टोरियातल्या सेल नावाच्या गावी बंदूकवाल्यांच्या सभेत पंतप्रधान हॉवर्ड कोटाखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालून बोलले, त्यावरून वातावरण कळेल. मॅक्युअनने गावाकडची मतं मोजून दिल्लीला, सॉरी, कॅनबेराला दम भरला, तर फिशर कॅनबेराचा निर्णय घेऊन गावाकडे शिव्या खायला गेला. फरक आहे तो इथे.

इकॉनॉमिक्स जमत असेल तर मॅक्युअन घ्या, कारण त्याचं टॅरिफचं (आयात कराचं) प्रकरण भारी आहे, शेतकऱ्यांचा नेता आणि कारखान्यांना संरक्षण देतोय, त्यामुळे शेतकऱ्यालाच यंत्रं महाग. पण ते नीट मांडायला आकडे लागतात, वरवर लिहिलंत तर कळतं.

माझं मत फिशर. ऑटिस्टिक मुलासाठी वेळ हवा म्हणून १९९९ ला पद सोडलं, पुढे विरोधी लेबर सरकारने त्याला व्हॅटिकनला राजदूत म्हणून पाठवलं, सगळं आयतं मटेरियल. फक्त त्याला देवमाणूस करू नका. १९९६ च्या विक निकालानंतर (सरकारने पट्ट्याने दिलेल्या चराऊ जमिनीवरही मूलनिवासींचा हक्क उरू शकतो, असा ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाचा निकाल) मूलनिवासींचे जमिनीवरचे हक्क बादल्या भरभरून रद्द होतील असं आपल्या लोकांना सांगणारा हाच, ते गाळलंत तर सर पहिला प्रश्न तोच विचारणार.