बाळंतपणानंतरचं पोट: व्यायाम, लायपोसक्शन की टमी टक?

टमी टक, म्हणजे सैल पोट कापून-शिवून आवळण्याची शस्त्रक्रिया, करावी का, असं विचारणाऱ्या बाईला आधी उलट विचारावं लागतं: नक्की काय सुटलंय? कातडी, चरबी की आतले स्नायू? वरून तिन्ही पोटं सारखीच दिसतात, पण उपाय तिघांचे वेगळे. खर्चाआधी हे घरीच चाचपून बघा.

उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आडवी टेकवा. दोन बोटांहून जास्त, म्हणजे साधारण 2 सेंटीमीटरच्या पुढे रुंद खाच लागली, तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत. उभं राहून बेंबीखाली चिमटा घ्या. पातळ, सुरकुतलेला पदर हातात आला तर ती कातडी; जाड वळी आली तर चरबी. आणि पोट गोल, टणक असून चिमटीत काहीच येत नसेल, तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. तिथे कुठल्याच प्लास्टिक सर्जनचा हात पोचत नाही. वजनच उतरवावं लागतं. खोकताना बेंबीशी किंवा सिझेरियनच्या टाक्यांशी फुगा येत असेल तर हर्नियाची शंका घ्या. मग सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी जनरल सर्जनला दाखवा.

व्यायाम आणि शस्त्रक्रिया

स्नायूंमधली फट बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत आपोआप बरीच भरते. पुढे फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले श्वासाचे, खोलवरच्या पोटस्नायूंचे आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम नेटाने केले तर ताकद येते, कंबर कमी दुखते, फटही काही जणींची चांगली कमी होते. उठाबशा आणि सिट-अप्स, म्हणजे उताणं झोपून धड उचलणं, ही मात्र एकच गोष्ट नाही. सिट-अप्स करताना पोटाच्या मधोमध डोंगर उभा राहत असेल तर ते थांबवा. आपल्याकडे सासूबाई जुन्या नऊवारीचा पट्टा करून बाळंतिणीचं पोट बांधतात. त्याने आधार मिळतो, बरं वाटतं. पण पट्टा सोडला की स्नायू होते तिथेच असतात.

ताणून सैल झालेली कातडी व्यायामाने आवळत नाही, हे जिमवाले सहसा सांगत नाहीत. तिथे टमी टकच. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेऊन जादा कातडी-चरबी काढतात, स्नायू मध्ये ओढून शिवतात, बेंबी नव्या जागी आणतात. खालच्या भागातले स्ट्रेच मार्क्स कातडीबरोबर जातात, वरचे राहतात. व्रण कायमचा, फक्त अंतर्वस्त्रात झाकेल असा. सिझेरियनचा व्रण जाड, उंचवट्याचा झाला असेल तर हाही तसाच होण्याची शक्यता धरून चला. बेंबीखालची बधिरता काही महिने राहते, कुणाला कायमची. कातडीखाली पाणी साचणं ही नेहमीची तक्रार. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं क्वचित, पण जिवावरचं.

लायपोसक्शन फक्त चरबी ओढतं. कातडी आधीच सैल असेल तर ती आणखी लोंबते. मिनी टमी टक बेंबीच्या खालच्या थोड्याशा कातडीपुरतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या पोटाला ते बहुधा अपुरं पडतं.

कोकणातल्या घराचा हिशेब

माझ्या मते निर्णय इथे होतो. स्नायू शिवल्यावर दीड-दोन महिने जड उचलायचं नाही. विहिरीवरची भरलेली कळशी नाही, मासळीची पाटी नाही, आणि वर्षाचं नऊ-दहा किलोचं मूलही कडेवर नाही. पहिले काही दिवस तर वाकूनच चालावं लागतं. तेवढे दिवस चूल-पाणी कोण बघणार याचं उत्तर घरात नसेल, तर सर्जन कितीही चांगला असला तरी तारीख घेऊ नका. लावणीच्या दिवसांत किंवा गौरी-गणपतीच्या तोंडावर तर नकोच. भातकापणी उरकल्यावर, दिवाळीनंतर आणि आंब्याची धावपळ सुरू होण्याआधी बरं. ऑपरेशननंतर दिवस-रात्र घालायचा घट्ट पट्टा मे महिन्याच्या घामात असह्य होतो.

बऱ्याच जणी मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याचा सर्जन गाठतात. ऑपरेशन झालं की लगेच घाट उतरून किंवा तासन्‌तास गाडीत बसून परत येऊ नका. गुठळीचा धोका अशाच बसून राहण्याने वाढतो. कातडीखालचं पाणी बाहेर काढायला लावलेल्या निचऱ्याच्या नळ्या निघेपर्यंत तिथेच नातेवाइकांकडे राहता आलं तर उत्तम.

मिश्रीबद्दल डॉक्टर विचारतात, बायका 'नाही' म्हणतात. असं करू नका. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरू शकते. आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे ती पूर्ण बंद हवी, सांगून टाकलेलं बरं.

आणखी मूल हवं असेल तर थांबा. नंतरचं गरोदरपण धोक्याचं ठरतं असं नाही, पण केलेलं काम पुन्हा ताणलं जातं. अंगावर पाजणं संपून काही महिने आणि वजन सहाएक महिने स्थिर, एवढं तरी हवंच. टमी टक वजन उतरवण्यासाठी नसतं.

पैशांचं थोडक्यात: निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, आणि तिच्यावर जीएसटीही लागतो. हर्निया असेल तर त्या दुरुस्तीचा दावा पॉलिसीच्या प्रतीक्षा काळानंतर होऊ शकतो, म्हणून बिलं वेगळी मागा. भुलतज्ज्ञ, पट्टा, पुन्हा टाके घालायची वेळ आली तर त्याचे पैसे, हे सगळं आधी कागदावर घ्या. पाटीवर नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेलं पुरत नाही; प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे का ते बघा, आणि गावी परतल्यावर जखम चिघळली तर रात्री फोन कोण उचलणार हेही त्यांनाच विचारा.