काच, जाळी की छोटी पेटी? ऐरोलीतल्या एका खोलीसाठी कॅबिनेट निवडताना

माझ्या भाच्याने मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या तीन कॅबिनेटचे, म्हणजे सगळे भाग बसवायच्या पेट्यांचे, फोटो पाठवले आणि विचारलं, "मावशी, यातलं कुठलं घेऊ?" प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड त्याने महिनाभर अभ्यास करून ठरवलं होतं. कॅबिनेट मात्र दिसण्यावरून. बहुतेकांचं असंच होतं. पण कार्ड तीन-चार वर्षांत बदलतं, प्रोसेसरही बदलतो, आणि कॅबिनेट नीट निवडलं तर दहा वर्षं तेच टेबलावर राहतं. म्हणून त्याला दिलेलं उत्तर सविस्तर लिहिते आहे. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या इतरांनाही ते लागू पडेल.

त्याची जुळणी अशी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि मायक्रो-एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या एटीएक्सपेक्षा लहान मापाचा, बोर्ड. घर ऐरोलीत, खोली दहा बाय दहा, खिडकी रस्त्याकडे, एसी नाही. माझ्या दृष्टीने निवड ठरवणाऱ्या गोष्टी खिडकी आणि एसी या दोनच आहेत.

त्याचे तीन उमेदवार होते. पहिलं लियान ली ओ११ डायनॅमिक इव्हो, समोर आणि बाजूला काच असलेलं. दुसरं कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो, समोर जाळी असलेला मिड टॉवर, म्हणजे मध्यम उंचीचं उभं कॅबिनेट. तिसरं कूलर मास्टर क्यू३००एल, मायक्रो-एटीएक्स बोर्डासाठीची छोटी पेटी. नेमकी ही मॉडेलं दुकानात मिळोत न मिळोत, बाजारातली बहुतेक कॅबिनेटं या तीनपैकी एका घरात बसतात.

आधी खोलीची हवा

कॅबिनेटची परीक्षणं आपण पाहतो ती बहुतेक परदेशातली, एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत सहज ३२-३३ अंश असतात. कॅबिनेटने आत ओढलेली हवाच दहा अंशांनी गरम असेल, तर आतला प्रत्येक भागही जवळजवळ तेवढाच वर सरकतो. परीक्षणात ७२ अंशांवर निवांत चालणारं कार्ड इथे ८२-८३ला पोचतं, आणि त्या पट्ट्यात बरीच कार्डं स्वतःहून वेग कमी करू लागतात. त्यामुळे तिकडे "दोन कॅबिनेटमध्ये चार-पाच अंशांचाच फरक" म्हणून सोडून दिलेली गोष्ट इथे महत्त्वाची होते.

हे मी स्वतः भोगलं आहे. मी कासारवडवलीला राहते, व्हिडिओ संपादनाचं काम घरूनच करते. माझं आधीचं कॅबिनेट समोरून पूर्ण बंद होतं, गुळगुळीत काचेचं, कडेला बोटभर फट. मे महिन्यात लांब व्हिडिओ रेंडर करायला (संपादनानंतर अंतिम फाइल बनवायला) लावला की कार्ड ८४ अंशांवर आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत. एका दुपारी समोरचं पॅनेल उचकटून बाजूला ठेवलं. तेच काम, तीच खोली, आणि कार्ड ७५वर आलं. पंखे तेच होते, त्यांना फक्त हवा मिळत नव्हती. त्या दिवसापासून समोर बंद असलेलं कॅबिनेट मी कुणालाही सुचवलेलं नाही.

पंखे किती लागतात

इथे थोडा हिशोब करून बघू, कारण दुकानदार सात-सात पंखे गळ्यात मारतात. भाच्याचं कार्ड ११५ वॅटचं. ७६०० पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएमपीएसची (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची) गळती धरून आपण २५० वॅट म्हणू. ही सगळी अखेरीस उष्णताच आहे. ती बाहेर काढताना आतली हवा खोलीपेक्षा दहाच अंशांनी गरम राहावी असं वाटत असेल, तर मिनिटाला साधारण ४५ घनफूट हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी. १२० मिमीचा बरा पंखा उघड्यावर पन्नासेक घनफूट देतो. जाळी, गाळणी आणि वायरींच्या आडून त्यातली अर्धी धरा. म्हणजे पुढून दोन आत, मागून एक बाहेर, एवढ्यावर त्याचं काम झालं. चौथ्या-पाचव्या पंख्याने दिवे वाढतात, तापमान फारसं उतरत नाही. ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० असेल तर गणित वेगळं, पण ते कार्ड घेणारा माणूस कॅबिनेटच्या पैशांत काटकसर करायला बसलेला नसतो.

आता हा मापदंड तिघांना लावू.

काचेचं ओ११

दिसायला तिन्हींत हेच सुंदर, यात वाद नाही. आतली जागा प्रशस्त, वायरी आणि एसएमपीएस बोर्डाच्या मागच्या वेगळ्या कप्प्यात, त्यामुळे जुळणी करताना हात अडत नाही. पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्याला हे कॅबिनेट फार सोपं जातं, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवं.

पण समोर काच असल्यामुळे हवा बाजूने आणि खालून घ्यावी लागते, आणि कॅबिनेटसोबत एकही पंखा येत नाही. किंमत मोजून वर पंख्यांचा संच वेगळा घ्यायचा. खालून हवा घेणारं कॅबिनेट जमिनीवर ठेवलं तर केर काढताना उडालेला सगळा बारीक कण पहिला तिथे जातो. रुंदी २८५ मिमी. भाच्याच्या टेबलाखालचा सीपीयूचा कप्पा २५ सेंटिमीटरचा आहे. तिथे ते शिरणारच नाही, आणि टेबलावर ठेवलं तर वह्या-पुस्तकांना जागा उरणार नाही.

काचेबद्दल आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. आपल्या घरांत फरशी असते, आता बहुतेक व्हिट्रिफाइड टाइल्स. टफन काच सपाट पृष्ठभागावर धक्का सोसते, पण तिची कड किंवा कोपरा टाइलवर हलकासा जरी टेकला, तरी पूर्ण ताव क्षणात चुरा होऊ शकतो. टाइलचा पृष्ठभाग काचेपेक्षा कठीण असतो आणि कड हा अशा काचेचा सर्वांत दुबळा भाग. म्हणून बाजूची काच काढली की ती आडवी, पलंगावर किंवा घडी केलेल्या गोधडीवर ठेवायची, भिंतीला टेकवून उभी कधीच नाही. हे कुठल्याही काचेच्या कॅबिनेटला लागू आहे. ओ११ला दोन बाजूंनी काच, म्हणून काळजीही दुप्पट.

एसीची बंद खोली असेल, टेबल मोठं असेल आणि लिक्विड कूलिंगचे (द्रवाने गार करण्याच्या यंत्रणेचे) मोठे रेडिएटर लावायचे असतील, तर ओ११ मी आनंदाने सुचवेन. भाच्याकडे यातलं काहीच नाही.

जाळीचं ४०००डी

"जाळी म्हणजे धूळ आत जाणार ना?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच होता. मेट्रो ४चं काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रस्त्याकडच्या आमच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर दोन दिवसांत बोट उमटतं. तरीही उत्तर जाळीच्याच बाजूने आहे.

धूळ समोरूनच येते असं नाही. आत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा कमी असेल, तर कॅबिनेटमधली पोकळी भरायला हवा प्रत्येक फटीतून शिरते: मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांमधून, यूएसबीच्या भोकांतून, पत्र्याच्या सांध्यांतून. या वाटांवर गाळणी नसते. बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये नेमकं हेच होतं. याउलट पुढून दोन पंखे गाळणीतून हवा आत ढकलत असतील आणि मागे एकच बाहेर काढत असेल, तर फटींमधून हवा बाहेर जाते आणि धूळ बहुतांशी समोरच्या गाळणीवर अडकते. ती गाळणी काढायची, नळाखाली धुवायची, पूर्ण सुकवून परत लावायची. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने.

४०००डीचं समोरचं पॅनेल ओढलं की निघतं आणि गाळणी हाती येते. असं सोपं असेल तरच माणूस सफाई करतो, म्हणून मी याला फार मोठे गुण देते. सोबत १२० मिमीचे दोन पंखे येतात, एक पुढे आणि एक मागे. पुढे आणखी एक लावला की वरचा हिशोब पुरा. ३६० मिमी लांबीपर्यंतचं कार्ड आणि १७० मिमी उंचीपर्यंतचा प्रोसेसरचा कूलर बसतो. म्हणजे उद्या त्याला नोकरी लागली आणि तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड घ्यावंसं वाटलं, तरी कॅबिनेट बदलावं लागणार नाही. समोर टाइप-सी पोर्ट आहे. त्यासाठी बोर्डवर तसाच कनेक्टर आहे ना, हे मात्र आधी बघावं. स्वस्त बोर्डांवर तो बऱ्याचदा नसतो आणि मग ते पोर्ट शोभेचं राहतं.

उणं एवढंच की आवाज जाळीतून सरळ बाहेर येतो, आणि मायक्रो-एटीएक्स बोर्ड आत थोडा एकटा दिसतो.

छोटं क्यू३००एल

हे तिघांत सर्वांत स्वस्त आणि हलकं. उंची ३८ सेंटिमीटरच्या आत. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घेतलं तर ग्रँट रोड, दादर, ठाणे आणि मग ट्रान्स-हार्बर असा तीन लोकलचा प्रवास खोकं मांडीवर घेऊन करता येईल. ओ११चं खोकं गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर चढवून दाखवा!

आकार छोटा असला तरी ३६० मिमीचं कार्ड यातही बसतं, हे विशेष. कूलरची उंची मात्र १६० मिमीच्या आतच हवी. १५५ मिमीचा डीपकूल एके४०० बसतो, १६०चा एके६२० बसत नाही. समोर टाइप-सी नाही. बाजूचं पॅनेल ॲक्रिलिकचं, त्यामुळे फुटायची भीती नाही, पण कोरड्या कपड्याने पुसलं की ओरखडे येतात. चुंबकाने चिकटणाऱ्या गाळण्या मला आवडल्या, एका ओढीत निघतात.

अडचण एकच, पण मोठी. सोबत पंखा एकच, तोही मागे, हवा बाहेर काढणारा. म्हणजे वर सांगितलेली फटींतून धूळ शिरण्याची परिस्थिती जशीच्या तशी. पुढे दोन पंखे लावल्याशिवाय हे कॅबिनेट वापरू नये, आणि त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी हिशोबात धरावेत. तेवढं केलं तर २५० वॅटच्या जुळणीला हे पुरतं. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या मुलाला मी हेच घ्यायला सांगेन.

पावसाळा

चालू पीसीचा आतला भाग खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे चालू असताना दव धरत नाही. त्रास होतो तो बंद पडून राहिलेल्या यंत्राला. बसलेली धूळ ओल शोषते, खाडीकडच्या हवेत खारटपणा असतो, आणि स्क्रूभोवती रंग खरवडलेला असेल तिथून गंज सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांआड तासभर तरी पीसी चालू ठेवावा. एसी असलेल्यांनी एसी बंद करून लगेच खिडक्या उघडू नयेत, कारण गार पत्र्यावर दमट हवा आली की पाणी धरू शकतं. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून फेकू नयेत. पाल आणि मुंग्या तिथूनच आत जातात.

मग काय ठरलं

भाच्याला मी ४०००डी सांगितलं. ते न मिळाल्यास समोर खरी जाळी असलेला, साधारण त्याच मापाचा दुसरा कुठलाही मिड टॉवर. तीन ते पाच हजारांतही तसे मिळतात. पण स्वस्तातलं घेताना दुकानात खोकं उघडून घ्यायला सांगावं. बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबून बघावा. डब्यासारखा टणत्कार करत आत गेला तर पंख्यासोबत थरथरणार. "जाळी" म्हणजे आरपार भोकं आहेत की मागे प्लास्टिक आहे, हे मोबाइलचा टॉर्च आतून लावून कळतं. पंख्यांच्या वायरी बोर्डवर लागणाऱ्या तीन किंवा चार पिनच्या असाव्यात. मोलेक्सवर, म्हणजे एसएमपीएसच्या चार पिनांच्या जाड कनेक्टरवर, थेट चालणारे पंखे कायम पूर्ण वेगात फिरतात. स्वतःच्याच हबवर (पंखे एकत्र जोडायच्या पेटीवर) चालणारे सहा पिनचे पंखे एक बिघडला की दुसरा जोडीदार मिळत नाही. आणि ५ व्होल्टचे एआरजीबी (प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येणारे) दिवे १२ व्होल्टच्या आरजीबी पिनांवर लावले की जळतात, हे त्याला दोनदा बजावलं.

"एसएमपीएस फुकट" असं लिहिलेलं कॅबिनेट ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याने घेऊ नये. एसएमपीएस वेगळा, नावाजलेला आणि वॉरंटीचाच घ्यावा.

टेबलाखालच्या कप्प्यात ४०००डीची २३ सेंटिमीटर रुंदी बसते, पण मी त्याला तिथे ठेवू दिलं नाही. तो कप्पा मागून फळीने बंद आहे, म्हणजे पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहणार. टेबलाच्या उजव्या टोकाला, भिंतीपासून वीतभर पुढे आणि खिडकीच्या झडीपासून लांब अशी जागा आम्ही टेप लावून मोजली. तिथे त्याने आत्ताच वर्तमानपत्राचा त्या मापाचा तुकडा चिकटवून ठेवला आहे.