घोडा आला, पैसे गेले

गावात "लाखभर घालवले" अशी बोंब उठली आहे, म्हणून आधी आकडा नीट सांगतो. घोड्यांच्या रेसच्या एका बनावट अ‍ॅपवर माझे ९५,९२० रुपये गेले. त्याच चोरांनी सुरुवातीला १,४०० रुपये नफा म्हणून खरोखर माझ्या खात्यात टाकले होते, ते वजा केले तर ९४,५२०. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता आणि आमच्या दारातून व्यापाऱ्यानं तो ६,९०० नं उचलला. म्हणजे जवळपास चौदा क्विंटल कापूस एका रविवारी मोबाइलमधून गेला.

"लॉटरी लागली, लिंक दाबा" वाल्यांना मी कधी भीक घातली नाही. "फिक्स रेस" विकणाऱ्या चॅनलांना तर हसायचो. ज्याला निकाल आधीच ठाऊक आहे तो पाचशे रुपयांत तुम्हाला का सांगेल? मला टिप नकोच होती. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा सीझनमध्ये कॅम्पातल्या रेसकोर्सवर जायचो. हातात घोड्यांच्या माहितीचं रेसबुक, पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून घोड्याची चाल बघायची, मागच्या रेसमध्ये पाठीवर असलेलं वजन आणि अंतर जुळवायचं, मग खिडकीवर शंभर-दोनशे लावायचे. माझा घोडा मीच निवडतो. वडील गेले, शेती बघायला यवतमाळ जिल्ह्यात गावी परत आलो, आणि हा नाद बोलायला माणूसच उरला नाही. इथं शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, विषय काढा, तळेगाव दशासरच्या पटात कोणती जोडी किती सेकंदांत सुटली यावर पहाटेपर्यंत लोक बोलतील. रेसचा घोडा म्हटलं की "ते मुंबईवाल्याचं खूळ हाय बाप्पा."

म्हणून फेसबुकवर एका रेसच्या पेजखाली मी लिहीत असे. तिथून एकानं मेसेज केला: "सर, आपका स्टडी अच्छा है." त्याला जॉकींची नावं, सकाळच्या ट्रॅकवर्कच्या, म्हणजे घोड्यांच्या सरावाच्या, वेळा, सगळं तोंडपाठ. आठ-दहा दिवस नुसत्या गप्पा. पैशाचं नाव नाही. पुढं टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं आणि मग एक अ‍ॅप आलं. प्ले स्टोअरवरून नाही, फाइल पाठवून. (फाइल म्हणून आलेलं अ‍ॅप मोबाइलमध्ये घालायचं नाही. कोणीही पाठवो, साळ्यानं पाठवलं तरी.)

आता लोक विचारतात, असल्या अ‍ॅपवर कशाला गेलास. मला ठाऊक असलेली खिडकी एक तर पुण्यात, नाही तर मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला. यवतमाळहून मुंबई सातशे किलोमीटर. शिवाय तेव्हा घोड्यावर लावलेल्या पूर्ण रकमेवर सरकारचा २८ टक्के जीएसटी होता. शंभर लावायला निघालात तर अठ्ठावीस सरकारचे, घोडा आला काय नि न आला काय. हे चोर नेमकं तिथं बोट ठेवतात: "हमारे यहाँ जीएसटी नहीं, पूरा पैसा घोड़े पे." रेस खेळणारा प्रत्येक माणूस या करावर चिडलेला असतो, त्यामुळं वाक्य कानाला गोड लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर तो ४० टक्के झालाय. यांचं आणखी फावणार. जो कोणी कर चुकवून देतो म्हणतो, तो तुम्हाला आधीच सांगतोय की आपण पावती देणार नाही. पावती नाही म्हणजे उद्या दाखवायला काही नाही.

पहिल्यांदा २,००० टाकले, दोन दिवसांनी ३,४०० परत आले. अर्ध्या तासात खात्यात. तो मासळीचा गळ होता हे आज कोणीही सांगेल.

२०२५ च्या फेब्रुवारीतला डर्बीचा रविवार. महालक्ष्मीला २,४०० मीटरची डर्बी, चार वर्षांच्या घोड्यांची, १९४३ पासून चालत आलेली. वर्षातला आमचा पोळाच तो. सकाळी १५,००० टाकले. छतावर टाकीजवळ खुर्ची घेऊन बसलो, कारण घरात रेंज येत नाही. एका मोबाइलवर रेस लाइव्ह, दुसऱ्यावर अ‍ॅप. पहिल्या काही रेसमध्ये ३,६०० गेले, ११,४०० उरले. डर्बीच्या आधीच्या रेसमध्ये मला एक घोडा पक्का दिसत होता. भाव सहाला एक, म्हणजे आला तर रुपयाला सहा रुपये नफा आणि मुद्दल परत. आणखी २५,००० टाकले आणि तेवढे सगळे त्याच्यावर विन, म्हणजे पहिला येणार म्हणून, लावले. घोडा आला. खरोखर आला, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये बाहेरून आला, आणि मी छतावर एकटा ओरडलो. अ‍ॅपवर १,७५,००० जमा झाले. आधीचे धरून १,८६,४००.

हे मुद्दाम सांगतोय. रेस खोटी नव्हती, घोडा खोटा नव्हता, माझा अंदाजही खोटा नव्हता. खोटी होती ती फक्त खिडकी. म्हणूनच ते पैसे माझ्या हक्काचे आहेत हे डोक्यात बसलं.

भाव. त्या भावापाशी मी रोज रात्री येऊन थांबतो. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटतात त्या रेसकोर्सच्या खिडकीवर, भाव घोडे सुटेपर्यंत हलत राहतो. लोक जसे पैसे लावतात तसा वरखाली होतो. बुकीसुद्धा पाटीवरचा भाव पुसून नवा लिहीत असतो. त्या अ‍ॅपवर दुपारी एकपासून भाव सहाला एक, तो घोडे सुटले तरी सहाला एक. मला दिसलं. मी मनात म्हटलं, रेंज नाही, अ‍ॅप रिफ्रेश होत नाही. आमच्याकडं दर तासाला लाइट जाते, टॉवर बंद पडतो, तिथं माणूस दुसरं काय समजणार?

मग पैसे काढायला गेलो तर संदेश: ३० टक्के टीडीएस आगाऊ भरा. ५५,९२० रुपये.

दहा हजारांवरच्या रेसच्या कमाईवर ३० टक्के टीडीएस कापतात हे मला पाठ आहे, तेव्हाचं कलम १९४ बीबी. 'कापतात' म्हणजे देणाऱ्यानं कापून उरलेले द्यायचे. तुमच्याकडून आधी मागून घ्यायचे नसतात. आणि मी काय केलं? मी त्यांच्याशी हिशेबावर भांडलो! म्हटलं, कर कमाईवर लागतो, माझ्या मुद्दलावर कसा लावता? दीड लाखाचे ४५,००० होतात. तासभर लिहीत होतो. शेवटी त्यांनी "आप सही हो सर" म्हणत जास्तीचे १०,९२० दुसऱ्या दिवशी परत देण्याचं कबूल केलं, आणि आपण त्यांना नमवलं असं वाटून मी ५५,९२० पाठवले. ज्या यूपीआय आयडीवर पाठवले तिथं नाव कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं. आयकर मोबाइल शॉपीत जमा होतो का? पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते मोठ्यानं वाचा. शेजारी कोणी असेल तर त्याला वाचायला लावा.

त्यानंतर २८ टक्के जीएसटी मागितला, ५२,१९२. जो यांच्याकडं लागतच नव्हता! तेव्हा मी शिवी हासडली, आणि ग्रुप गायब, अ‍ॅप बंद, माणूस ब्लॉक. घरी सांगावंच लागलं. बायको एवढंच म्हणाली, "घोडा आला मनता, मंग पैसे कुठी हायेत?"

सोमवारी सकाळी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताला. दुपारी जमादारानं ऐकून घेतलं, ऐकताना हसू दाबत होता. म्हणाला, "घोड्यावर जुगार लावला ना भाऊ? मंग पयला गुन्हा तुमच्यावरच लागन." मी म्हटलं, घोड्यांची रेस कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच म्हटलंय. "मंग कोर्टातच जा ना." बाजूचे दोघं खदखदले. रेसकोर्सबाहेर पैसे लावणं कायद्यात बसत नाही, हे मलाही कळतं. पण कोणी बनावट अ‍ॅप करून पैसे उकळले तर ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. फसवल्या गेलेल्याची लाज काढायची असं त्यात कुठं लिहिलंय? तक्रार घेतली नाही. "यवतमाळले सायबरमंदी जा." तिथं गेलो तर "तुमचं ठाणं कोणतं? तिथून पत्र आना." पत्र आणायला परत ठाण्यात, तर साहेब पुन्हा बंदोबस्ताला. कोणत्या मंत्र्याचा एवढा दौरा असतो आमच्या तालुक्यात, की बारा महिने बंदोबस्त?

बँकेत मॅनेजरनं खुर्चीसुद्धा दिली नाही. पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मर्जीनं झाला, आमची जबाबदारी येत नाही. हाच मॅनेजर पीककर्जाच्या वेळी विमा गळ्यात मारताना चहा पाजत होता.

सरळ बोलली ती फक्त १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरची मुलगी. तिनं पहिला प्रश्न केला, "पैसे किती वाजता गेले?" रविवारी संध्याकाळी गेले होते, मी फोन केला सोमवारी, ठाण्यातून हात हलवत आल्यावर. तोवर पैसा चार खात्यांतून फिरून निघून गेला होता. पैसे गेल्याचं कळलं की ठाणं नाही, बँक नाही, आधी १९३० लावा, रात्र असली तरी लावा. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं होतं.

एका खात्यात ८,३०० रुपये तेवढे होल्ड झाले. ते माझेच आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, तरी सोडवायला कोर्टाचा आदेश आणा असं मला सांगितलं. वकिलानं ५,००० सांगितले, निम्मे आगाऊ. मी त्याला विचारलं, हे आगाऊ कशापायी? तो रागावला. शेवटी दिले, पावती घेऊन. तारखेला गेलो तर ठाण्याचा अहवाल आलेला नव्हता. पुढची तारीख नेमकी वेचणीच्या दिवसांत पडली आहे, आणि बायको म्हणते मजूर मिळाले नाहीत तर जाऊ नका.